नायिकेचा खोडवा

समजा, वाईजवळच्या एका गावात घडणारी एक मालिका आहे. नायिकेचं नाव भैरवी. अंगात नागदेवतेची शक्ती, पण सासरी मात्र भाकऱ्या थापणारी गरीब सून. बुधवारी खलनायिका तिला कड्यावरून ढकलते. गुरुवारी घरात रडारड, शुक्रवारी फोटोला हार. पुढच्या आठवड्यात उंबऱ्यावर ओली पावलं उमटतात आणि रविवारच्या महाएपिसोडला भैरवी दारात उभी. चार महिन्यांनी तिला विष दिलं जातं. ती उठते. मग तिला जाळतात. ती तेव्हाही उठते.

रात्रीचं जेवण टीव्हीसमोर होणाऱ्या घरात मग एक संवाद ठरलेला. मधूनच बघायला बसलेला विचारतो, "अवं, ही तर मेलीवती की!" रोज बघणारी सांगते, "गप बघा. मणी हुता तिच्याकडं."

भैरवी आपण इथे समजावण्यापुरती रचली आहे, पण तिचा नमुना खरा आहे. कृष्णाकाठच्या ऊसकरी माणसाला तो एका शब्दात कळतो: खोडवा.

लागण, खोडवा, निडवा

ऊस तुटला तरी बुडखा जमिनीत असतो. त्यातून पुन्हा फुटवे येतात. पहिलं पीक लागण, दुसरं खोडवा, तिसरं निडवा. खोडव्याला नांगरट नाही, सरी सोडणं नाही, बेण्याचा, म्हणजे लावायच्या उसाचा, खर्च नाही, म्हणून शेतकरी तो घेतो. टनेज, म्हणजे उसाचं उत्पादन, लागणीपेक्षा सहसा कमी पडतं आणि निडव्याला आणखी घसरतं. हे त्याला ठाऊक असतं, तरी हिशेब बसतो म्हणून घेतो.

वाहिनीचा हिशेब याच जातीचा आहे. नवी मालिका म्हणजे नवा सेट, नवी पात्रं, महिनाभर प्रोमो, चौकाचौकात फलक, आणि एवढं करून लोक बघतील याची खात्री नाही. भैरवी मात्र लोकांच्या ओळखीची आहे. तिला तोडायचं आणि त्याच बुडख्यातून उगवायचं, यात बेणं वाचतं.

खोडव्याची एक अट मात्र जाणते शेतकरी सांगतात: पाचट जाळू नका. तोडणीनंतर पडलेली वाळकी पानं सरीतच कुजू द्यायची, बुडखे जमिनीलगत धारदार हत्यारानं छाटायचे, तुटाळ पडली असेल तिथे नांग्या भरायच्या, म्हणजे रिकाम्या जागी नवी रोपं लावायची. पाचट पेटवून रान काळं केलं की ओल जाते आणि कर्बही जातो. ही अट लक्षात ठेवा. मालिकांचं बिघडतं ते बहुतेक इथेच.

आठवड्याला १३२ मिनिटं

अर्ध्या तासाच्या वेळेत जाहिराती, वाहिनीचे स्वतःचे प्रोमो, शीर्षकगीत आणि 'आधी काय घडलं' हे वजा करून सुमारे २२ मिनिटांची गोष्ट उरते. आठवड्याला ६ भाग धरले तर १३२ मिनिटं. म्हणजे दर आठवड्याला दोन तासांहून मोठा एक सिनेमा, आणि असे वर्षाला ५२. जगातला कुठलाही लेखक इतकी नवी गोष्ट पुरवू शकत नाही. मग एकच घटना ताणायची आणि सर्वांत जास्त ताणता येते ती मृत्यूची: आधीची धास्ती, प्रत्यक्ष प्रसंग, नंतरचा शोक, खलनायिकेचा आनंद, संशय, चाहूल, परतणं. एका मरणात तीन-चार आठवडे निघतात.

दुसरी गोष्ट टीआरपी. हा शब्द सगळे वापरतात, पण तो कसा मोजतात ते थोड्यांना माहीत असतं. देशभरात निवडलेल्या ५० हजारांहून जास्त घरांत टीव्हीला एक छोटं यंत्र जोडलेलं असतं. वाहिनीच्या आवाजात कानाला न कळणारी एक सांकेतिक खूण मिसळलेली असते. यंत्र ती ओळखतं आणि कुठली वाहिनी किती मिनिटं चालू होती ते नोंदवतं. घरातल्या प्रत्येकाला रिमोटवर स्वतःचं बटण असतं, त्यावरून कोण बघत होतं ते कळतं. हे आकडे 'बार्क' ही संस्था दर आठवड्याला देते. किती जणांनी बघितलं आणि किती वेळ बघितलं, या दोन्हींचा मिळून टीआरपी होतो. नुसतं डोकावून गेलेला माणूस फारसा उपयोगाचा नाही, तो बसून राहायला हवा.

म्हणून मरण एका दिवसात उरकत नाही. ढकललं बुधवारी, पण ती खाली पडताना दाखवली गुरुवारी, आणि फोटोला हार पडला तरी खाली काय झालं ते शुक्रवारीही नाही. भागाच्या शेवटच्या क्षणाला सेटवर 'हुक पॉइंट' म्हणतात. मासा गळाला लागावा तसा प्रेक्षक दुसऱ्या दिवसापर्यंत अडकून राहावा, म्हणून. आणि मरणाचा आवाजही मोठा असतो, कारण निम्मं घर मालिका बघत नाही, ऐकतं. ओट्याशी उभ्या बाईला वीज कडाडल्याचं ऐकू आलं पाहिजे, म्हणजे ती पोळी तव्यावर टाकून बाहेर येते. तोच चेहरा तीन वेळा झटक्यानं दाखवतात, तो तिला बाहेर यायला तेवढा वेळ मिळावा म्हणूनही.

नायिकाच का मरते?

कारण मालिका तिच्यावर उभी असते. सासरा गेला तर दोन भागांत घर सावरतं. ती गेली की सगळ्यांची नाती एकदम हलतात.

दुसरं कारण साधं आणि पडद्यामागचं. रोजच्या मालिकेतली मुख्य अभिनेत्री महिन्यातले बहुतेक दिवस, बारा-बारा तासांच्या पाळीत सेटवर असते. तिला आजारपण आलं, लग्न ठरलं, सिनेमा मिळाला किंवा करारावरून ताणाताणी झाली, की लेखकाला तिच्याविना काही दिवस काढावे लागतात. तयार भागांचा साठा, ज्याला 'बँक' म्हणतात, तो अनेकदा जेमतेम काही दिवसांचा असतो. साठा संपायच्या आत तिला कड्यावरून ढकललं की सोय होते. प्रेत दाखवायचं नाही, म्हणजे बोलणी फिसकटली तरी वाट मोकळी आणि जुळली तरीही.

तिसरं कारण मला सगळ्यांत बोलकं वाटतं. मरणाआधीची भैरवी सोसणारी आहे. परत आलेली भैरवी केस मोकळे सोडते, लाल साडी नेसते, डोळ्यांत जाड काजळ घालते आणि सासूला एकेरीत बोलते. जिवंत सुनेनं असा आवाज चढवला असता तर वाहिनीच्या बैठकीत कुणीतरी म्हणालं असतं, "प्रेक्षकांना आवडणार नाही." एकदा मरून आलेल्या बाईला मात्र रागवायची मुभा मिळते.

परतायच्या वाटा

साध्या कौटुंबिक मालिकेत वाटा मोजक्या: ती मेलीच नव्हती, किंवा तिच्यासारखी दिसणारी दुसरी कुणी आली, किंवा अपघातानंतर चेहरा बदलला. शेवटची वाट नवा कलाकार घेताना सोयीची, पण कित्येकदा तेवढंही कारण देत नाहीत. २००० साली सुरू झालेल्या हिंदी 'क्योंकि सास भी कभी बहू थी'मध्ये नायक मिहिर मेला तेव्हा एवढा गदारोळ झाला की त्याला परत आणावं लागलं. पुढे त्याच मिहिरचा चेहरा अमर उपाध्यायवरून इंदर कुमारवर आणि तिथून रोनित रॉयवर गेला, आणि लोकांनी तो पचवला.

अद्भुताच्या मालिकेला याहून जास्त वाटा असतात. आत्मा दुसऱ्याच्या देहात, देवीचा वर, मणी, काळ मागे फिरवणं, आणि सर्वांत सोयीचा पुनर्जन्म. २०१५ मध्ये सुरू झालेल्या हिंदी 'नागिन'नं दुसऱ्या पर्वात मौनी रॉयला आई शिवन्या आणि मुलगी शिवांगी अशा दोन्ही भूमिका दिल्या. आई मेली तरी चेहरा घरातच राहिला. मुलीलाही पर्वाच्या शेवटी मारलं, आणि मे २०१९ मध्ये तिसरं पर्व संपताना शिवांगी पुन्हा उभी. बेणं तेच, फक्त रान बदललं.

कच तीनदा मेला होता

"ही सगळी हल्लीची थेरं" असं म्हणणाऱ्यांना महाभारतातल्या कचाच्या गोष्टीची आठवण करून द्यावी. सांगलीच्या कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांनी १९१३ मध्ये याच कथेवर 'विद्याहरण' हे संगीत नाटक रचलं. इथे मरणारा नायक आहे, पण रचना बघण्यासारखी आहे.

देवांकडचा कच असुरांचे गुरू शुक्राचार्य यांच्याकडे मेलेल्याला उठवणारी संजीवनी विद्या शिकायला येतो. असुर त्याला मारून तुकडे लांडग्या-कोल्ह्यांना घालतात. शुक्राचार्यांची मुलगी देवयानी रडते, शुक्राचार्य मंत्र म्हणतात, कच परत. दुसऱ्यांदा त्याला वाटून समुद्रात कालवतात. परत. तिसऱ्यांदा जाळून त्याची राख मद्यात घालतात आणि ते मद्य खुद्द शुक्राचार्यांनाच पाजतात. आता कच बाहेर यायचा तर गुरूचं पोट फाटणार. मग शुक्राचार्य पोटातल्या कचालाच विद्या शिकवतात. तो बाहेर येतो, गुरू मरतात, आणि शिष्य त्यांना उठवतो.

यातली कारागिरी बघा. मृत्यूवर इलाज आहे हे पहिल्या मरणाआधीच सांगून टाकलं आहे. प्रत्येक मरण आधीच्यापेक्षा अवघड आहे. तिसऱ्याची किंमत दुसऱ्या कुणाला तरी मोजावी लागते. आणि शेवटी खुणा राहतात: शुक्राचार्य मद्यपानावर बंदी घालतात, कच लग्नाला नकार देतो म्हणून देवयानीचं मन मोडतं, ती शाप देते की ही विद्या तुला फळणार नाही. बहुतेक मालिकांत नेमका याच्या उलट प्रकार. मण्याचा पत्ता नायिका मेल्यावर लागतो, किंमत कुणी देत नाही, आणि सोमवारी घरात हळदीकुंकू.

बाईचं मरण आणि उठणं हवं असेल तर रेणुका आहे. सांगली जिल्ह्यात जतला यल्लमाची यात्रा भरते, ती यल्लमा म्हणजे रेणुकाच. जमदग्नीच्या आज्ञेवरून परशुराम आईचं मस्तक उडवतो आणि बापानं वर माग म्हटल्यावर आई मागतो. महाभारतातल्या कथेत तो आणखी एक गोष्ट मागतो: मारलं गेल्याची आठवण तिला राहू नये. मालिकांतला स्मृतिभ्रंश इतका जुना आहे. फरक एवढाच की तिथे आई विसरते, पण मुलगा विसरत नाही आणि ऐकणारेही विसरत नाहीत.

पाचट न जाळलेली मालिका

परदेशात याचं गाजलेलं उदाहरण म्हणजे अमेरिकेतली 'बफी द व्हॅम्पायर स्लेअर'. नायिका बफी रक्तपिपासू पिशाच्चांशी लढते. मालिकेचा नियम असा: एक लढवय्यी मेली की जगात दुसरी आपोआप निवडली जाते. १९९७ मध्ये पहिल्या पर्वाच्या शेवटी बफी पाण्यात बुडून मरते आणि मित्र तोंडानं श्वास देऊन तिला वाचवतो. मरण काही क्षणांचं, पण नियमानं ते धरलं. दुसऱ्या पर्वात नवी लढवय्यी खरोखर हजर झाली, आणि ती मेल्यावर तिसरी.

मे २००१ मध्ये बफी बहिणीसाठी उडी घेऊन पुन्हा मरते. त्याच वेळी मालिका एका वाहिनीवरून दुसरीकडे चालली होती, तेव्हा परतणं व्यापारातही ठरलेलंच होतं. ऑक्टोबरमध्ये मैत्रिणीच्या जादूनं ती शवपेटीत जागी होते आणि हातांनी माती उकरून बाहेर येते. खरी गंमत पुढे. ती आनंदात नाही. मैत्रिणींना वाटतं आपण तिला नरकातून सोडवलं. ती म्हणते, मी बहुधा स्वर्गात होते, तुम्ही मला ओढून काढलंत. पुढचं अख्खं पर्व त्या दुःखावर चालतं. याला म्हणायचं पाचट सरीत कुजवणं. आधीचं मरण पुढच्या गोष्टीला खत झालं.

न्यूझीलंडमध्ये चित्रित झालेल्या 'झीना' या लढवय्या नायिकेच्या मालिकेची कथा वेगळी. १९९६ च्या ऑक्टोबरमध्ये झीना वठवणारी लूसी लॉलेस घोड्यावरून पडली आणि कंबरेचं हाड मोडलं. कथानकं बदलावी लागली. एका भागात झीनाचा आत्मा शत्रूच्या देहात अडकलेला दाखवून दुसऱ्याच अभिनेत्रीकडून झीना वठवून घेतली. अद्भुताची मालिका होती म्हणून निभावलं. पुढे झीना मेली, उठली, सुळावर गेली, परत आली. २००१ मध्ये शेवटच्या भागात मात्र तिला मेलेलीच ठेवलं, आणि चाहते खवळले. सहा वर्षं "ही परत येते" असा नियम शिकवायचा आणि निरोपाला तो मोडायचा, यावर राग येणारच.

कॅमेऱ्यासमोर मरताना

कड्यावरून किंवा घाटावरून नदीत पडायचा प्रसंग कृष्णेवर करायचा तर पावसाळा टाळतात. पाणी गढूळ असतं आणि ओढ जबर. दिवाळीनंतर नदीचं पात्र शांत होतं. अभिनेत्री फक्त काठावरून, चौकटीबाहेर दोन-तीन फूट खाली ठेवलेल्या गादीवर पडते. खरी उडी तिच्याच बांध्याची डुप्लिकेट घेते आणि खाली पोहणारे तयार असतात. साडी भिजली की जड होते आणि पायांत गुंडाळते, म्हणून डुप्लिकेटला शिवलेली साडी आणि आत लेगिंग. एकाच रंगाच्या तीन साड्या लागतात: कोरडी, ओली, फाटलेली. घोळ होतो तो इथे. पडताना पदर डाव्या खांद्यावर, वाहून आल्यावर उजव्या, हे कुणाच्या लक्षात आलं नाही की दुसऱ्या दिवशी हसं होतं.

प्रेत होणं त्याहून अवघड. छाती हलते, पापणी थरथरते, गळ्याची शीर उडते. म्हणून चादर जाड आणि चुण्यांची घेतात, अभिनेत्रीला श्वास सोडून थांबायला सांगतात आणि शॉट तीन-चार सेकंदांचा ठेवतात. तरी हललंच तर संकलक एक चित्र गोठवतो. मग प्रेत स्थिर होतं, पण उशाशी ठेवलेल्या दिव्याची ज्योतही गोठते! नीट करायचं तर नुसतं शरीर गोठवायचं आणि ज्योत हलती ठेवायची. त्याला वेळ लागतो आणि भाग तर संध्याकाळी जायचा असतो. चितेवर खरी अभिनेत्री फक्त अग्नी देण्याआधीपर्यंत. नंतर पुतळा, आणि कॅमेऱ्याजवळ गॅसच्या नळीवर पेटवलेली ज्वाला, जी तिच्यापुढे असल्याचा भास होतो.

मेलेली आणि तिच्यासारखी दिसणारी एकाच चौकटीत हव्या असतील तर कॅमेरा तिपाईवर पक्का करतात. आधी एका बाजूचा अभिनय, मग कपडे बदलून दुसऱ्या बाजूचा, आणि दोन्ही अर्धे जोडायचे. मध्ये कुणाचा पाय तिपाईला लागला की सगळं पहिल्यापासून. उघड्यावर सूर्य सरकून सावल्या बदलतात, म्हणून हे प्रसंग बहुधा खोलीत घडतात.

"मग बघणारे काय खुळे आहेत?"

नाहीत. ती परत येणार हे त्यांना कॅमेरामनच्या आधी ठाऊक असतं. रात्रभर गोंधळ बसतो तेव्हा कथा कुणाला माहीत नसते? कशी येते, कुणाचा चेहरा पांढरा पडतो, ते बघायला लोक बसतात. कंटाळा येतो तो परतण्याची रीत दुसऱ्यांदाही तीच निघाली की. निडव्याला खत न घालता लागणीएवढं टनेज मागितल्यासारखं होतं ते.

"पण अंधश्रद्धा पसरते त्याचं काय?"

ज्या साताऱ्यातून डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी अंधश्रद्धा निर्मूलनाचं काम उभारलं, तिथे हा आक्षेप हसण्यावारी नेता येणार नाही. माझं मत असं की मेलेली बाई मण्यानं उठते, यावर सहसा कुणी विश्वास ठेवून वागत नाही. घरात मयत झालं तर लोक मणी शोधत नाहीत. धोका आहे तो खऱ्या आयुष्याला चिकटलेल्या प्रसंगांत, विशेषतः सर्पदंशाच्या. उसात नाग, मण्यार, घोणस असतात. नायिकेचं विष मांत्रिकानं उतरवलं, असं दाखवणं म्हणजे कुणाला तरी दवाखान्याऐवजी देवळात पाठवणं. २०१३ च्या महाराष्ट्राच्या जादूटोणाविरोधी कायद्यात साप, विंचू, कुत्रा चावलेल्याला उपचारांपासून रोखून मंत्रतंत्र करणं हा गुन्हा आहे. इलाज एकच, रुग्णालयातली प्रतिविषाची लस.

मालिकेतल्या प्रसंगाची तक्रार करायची तर केबल टेलिव्हिजन नेटवर्क नियमांतला सहावा नियम बघा. अंधश्रद्धेला उत्तेजन देणारा कार्यक्रम दाखवू नये असं त्यात आहे. तक्रार आधी वाहिनीकडे लेखी द्यायची, मालिकेचं नाव, तारीख, वेळ आणि नेमका प्रसंग लिहून. वाहिनीनं १५ दिवसांत निर्णय द्यायचा असतो. समाधान झालं नाही तर वाहिन्यांच्या स्वनियमन संस्थेकडे अपील. "मालिका वाईट आहे" एवढंच लिहिलेल्या तक्रारीचं काही होत नाही.

या वेळी ती खरंच गेली का, हे कसं ओळखायचं?

प्रेत बघितलं का, हा पहिला प्रश्न. दरी, नदी, स्फोट आणि चेहरा झाकलेली तिरडी ही चारही परतीची तिकिटं आहेत. मालिकेचं नावच तिच्यावरून असेल तर निश्चिंत राहा. शीर्षकगीतातला तिचा चेहरा काढला आहे का ते बघा. मालिकेचे लोक भावनेच्या भरात काहीही दाखवतील, पण शीर्षकगीत पुन्हा कापायचा खर्च उगाच करत नाहीत. तीच अभिनेत्री दुसऱ्या वाहिनीच्या प्रोमोत दिसली, तर मात्र हार घातलेला फोटो खरा समजा. आणि दहाव्याला घाटावर पिंडाजवळ कॅमेरा थांबला, भात तसाच आहे, भटजी वर बघतायत, घरातले हात जोडून उभे आहेत आणि कावळा काही शिवत नाही, तर रविवारचा महाएपिसोड चुकवू नका.